मुंबईत आलेल्या एकोणिसाव्या शतकातील पूर्वजाचा माग कसा काढावा

‘आमचे खापरपणजोबा कोकणातून मुंबईला आले, गिरणीत लागले आणि प्लेगात गेले.’ मुंबईत चार-पाच पिढ्या राहिलेल्या कितीतरी मराठी घरांत पूर्वजाविषयीची माहिती या एका वाक्यात संपते. आमच्या घरीही ती तेवढीच होती. या वाक्यातले किती खरे आणि किती नंतर जोडले गेलेले, हे शोधण्यात माझी काही वर्षे गेली, आणि त्यातून जी कामाची पद्धत हाती लागली ती येथे क्रमाने मांडत आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. मुंबईत राबलेला आणि मुंबईत राहिलेला माणूस मुंबईच्या कागदांत फार क्वचित सापडतो. तो भाड्याच्या खोलीत राहत होता, त्याच्या नावावर घर नव्हते, आणि कामाच्या ठिकाणची हजेरीपत्रके बहुतेक नष्ट झाली आहेत. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ भरली. पण या किंवा नंतरच्या जनगणनांच्या घरोघरच्या नावनिशीवार याद्या जपल्या गेल्या नाहीत, छापील तक्ते तेवढे उरले. इंग्लंडमधल्या घराण्यांचा शोध जनगणनेच्या याद्यांवरून घेतात, तसा आपल्याला घेता येत नाही. उलट, १९०१ साली या शहरातल्या रहिवाशांपैकी शहरातच जन्मलेले लोक चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. बाकीच्यांचे नाव, जमीन, देव आणि भाऊबंद गावी होते, आणि म्हणून त्यांचे कागदही गावी आहेत. शोधाची वाट घरातून गावाकडे आणि मग गावाकडून पुन्हा मुंबईकडे अशी जाते. थेट मुंबईच्या कचेऱ्यांतून सुरुवात केली तर दमछाक होते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

घरातल्या वस्तू आणि घरातली माणसे

पहिले काम घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीपाशी बसण्याचे, आणि ते उद्यावर टाकू नये. प्रश्न मात्र नीट विचारावेत. ‘खापरपणजोबा कधी वारले?’ असे विचारले तर ‘फार पूर्वी’ एवढेच उत्तर येते. ‘त्यांचे श्राद्ध कधी घालायचे?’ असे विचारले तर आजी क्षणात महिना, पक्ष आणि तिथी सांगते, कारण त्या दिवशी तिने वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेला असतो. ही तिथी म्हणजे मृत्यूची नोंदच होय. तिच्यात वर्ष तेवढे नसते. येथे एक भेद जपावा. वार्षिक श्राद्धाचा महिना आणि तिथी हे मृत्यूचे असतात. पितृपक्षातल्या म्हाळाची तिथी तशी असेलच असे नाही. सवाष्ण गेलेल्या बाईचे श्राद्ध अविधवा नवमीला घालतात, अपघाताने किंवा शस्त्राने मेलेल्याचे चतुर्दशीला, आणि तिथीच ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्येला. म्हणून ‘आम्ही नवमीला म्हाळ घालतो’ या उत्तरातून मृत्यूचा दिवस कळत नाही. ती बाई नवऱ्याच्या आधी गेली एवढे मात्र नक्की कळते, आणि तेही कमी मोलाचे नाही.

आणखी विचारावे ते कुलदैवत, गावातली वाडी, गावी गेल्यावर कोणाच्या घरी उतरत, होळीला पालखी कोणाच्या दारी आधी येते, मुंबईत पहिली खोली कोणत्या चाळीत होती, तिथे शेजारी कुठल्या गावचे होते. गिरणगावात एकेका गावच्या लोकांनी मिळून खोल्या घेतलेल्या असत आणि नोकरीही बहुधा गावच्याच जॉबरमार्फत, म्हणजे गिरणीत कामगार भरती करणाऱ्या मुकादमामार्फत, लागे. त्यामुळे शेजाऱ्याचे गाव कळले तर आपले गाव त्याच पंचक्रोशीत असण्याची शक्यता बरीच वाढते. गावकीच्या मंडळाचे वर्गणीचे जुने वहीखाते कोणाच्या माळ्यावर असेल तर तेही पाहून घ्यावे.

मग ट्रंक, देव्हारा आणि माळा. जन्मपत्रिका, खरेदीखते, गहाणखते, भाडेपावत्या, मनीऑर्डरची कुपने, पोथ्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर केलेल्या नोंदी, फोटोच्या मागे लिहिलेली नावे, हे सगळे मूळ जागी होते त्याच क्रमाने फोटो काढून ठेवावे. तांब्या-पितळेची जुनी भांडी विसरू नयेत. आमच्या घंगाळाच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे अनेक वर्षे कोणाला वाचता आली नव्हती, कारण घासून घासून ती सपाट झाली होती. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत काठावर तिरपा टाकल्यावर टिंबांच्या सावल्या पडल्या आणि नाव उमटले. असे भांडे वाचून होईपर्यंत चिंच किंवा पितांबरी लावून उजळू नये.

शके, तिथी आणि एका वर्षाची चूक

एकोणिसाव्या शतकातील घरगुती नोंदी शालिवाहन शकात असतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे आपण शाळेत शिकलो, आणि ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरे आहे. जानेवारी लागल्यापासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात, कारण इंग्रजी वर्ष बदललेले असते आणि शक बदललेला नसतो. पौषाचा बराचसा भाग, माघ आणि फाल्गुन यांतल्या नोंदी याच पट्ट्यात येतात.

ही किरकोळ बाब वाटते म्हणून आमच्या घरचे उदाहरण देतो. पणजोबांच्या चोपडीत एक ओळ होती: ‘माघ वद्य ८ शके १८१८, तीर्थरूप कैलासवासी झाले.’ मी ७८ मिळवले आणि फेब्रुवारी १८९६ हा महिना काढला. मुंबईत प्लेग उघडकीस आला तो सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी त्याचे निदान केले तेव्हा. म्हणजे आमचे खापरपणजोबा प्लेगात गेले ही घरची आठवण खोटी ठरत होती, आणि काही महिने मी ती खोटीच धरून चाललो. पुढे पंचांगावरून ताडून पाहिल्यावर कळले की तो माघ १८९७ सालचा. तिथी फेब्रुवारी १८९७ च्या अखेरच्या आठवड्यात पडते, म्हणजे प्लेग ऐन भरात असताना. त्यामुळे प्रत्येक तिथी जुन्या पंचांगावरून किंवा भरवशाच्या तिथी-तारीख गणकावरून तपासूनच इसवी तारीख लिहावी. कागदावर संवत्सराचे नाव किंवा वार दिलेला असेल तर तोही जुळतो का पाहावे. तिथी, वार आणि तारीख तिन्ही जुळल्याशिवाय तारखेवर बरोबरची खूण करू नये.

गावचे दप्तर

गाव कळले की ते आज कोणत्या तालुक्यात आहे आणि तेव्हा कोणत्या अंमलाखाली होते, हे दोन्ही लिहून घ्यावे. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत रत्नागिरीचा भाग होता. रायगडचे नाव त्याच वर्षापर्यंत कुलाबा होते. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थाने होती, त्यांचे दप्तर ब्रिटिश जिल्ह्यांच्या दप्तराहून वेगळे. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या बाजूचे घराणे असेल तर जंजिरा संस्थान ध्यानात ठेवावे.

गावपातळीवरचा सर्वांत उपयोगी कागद म्हणजे गाव नमुना १४, ज्याला तहसील कचेरीत आजही ‘कोतवाल बुक’ म्हणतात. ही गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. तिच्यात तारीख, नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण असे रकाने असतात. जी पुस्तके वाळवी आणि पावसातून वाचली ती बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. साध्या अर्जावर पाहणीची परवानगी मागावी, आणि नोंद सापडली की कोर्ट फी स्टॅम्प लावून प्रमाणित नक्कल घ्यावी. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यानंतर अनेक जिल्ह्यांनी अशा जुन्या पानांच्या स्कॅन प्रती आपल्या संकेतस्थळांवर ठेवल्या आहेत. ती निवड एका विशिष्ट हेतूने केलेली आहे, हे मात्र विसरू नये. तेथे आपले नाव नाही म्हणजे मूळ पुस्तकात नाही, असा अर्थ होत नाही.

आमचा शोध येथेच लागला. खापरपणजोबांची मृत्यूची नोंद मुंबईत नव्हतीच. ती गावच्या कोतवाल बुकात होती, फेब्रुवारी १८९७ च्या त्याच आठवड्यात, आणि कारणाच्या रकान्यात फक्त ‘ताप’ असे लिहिले होते. त्या हिवाळ्यात लाखो लोक मुंबई सोडून गावी परतले, त्यांत तेही असणार. घरची आठवण खरी होती, तिच्यातले ठिकाण तेवढे चुकले होते. मी मात्र मुंबईतल्या मृत्यूच्या नोंदी धुंडाळण्यात दोन महिने घातले होते. कोकणातल्या, घाटावरच्या प्रत्येक कुटुंबाने १८९६-९७ च्या मृत्यूसाठी आधी गावचे पुस्तक पाहावे, असे मी म्हणूनच आग्रहाने सांगतो.

जमिनीच्या कागदांचा क्रम उलटा लावावा, आजच्या सातबारावरून मागे. सातबारावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक असतात. त्यांतला सर्वांत जुना क्रमांक घेऊन तो फेरफार वाचावा, मग त्याच्याही मागचा. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर ही फेरफार वही सुरू झाली, आणि तिच्यातली पहिली वारस नोंद ही बहुधा एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या माणसाची असते: अमुक मयत, वारस मुलगे अमुक आणि अमुक, पत्नी अमुक. एका ओळीत अख्खे कुटुंब सापडते. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. खोती गावांत जमीन खोताच्या नावावर आणि कसणारा कूळ म्हणून, त्यामुळे तेथे बोटखत, म्हणजे कुळांची आणि त्यांच्या जमिनींची नोंदवही, पाहावे लागते. खोताचेच नाव दिसले म्हणून निराश होऊन परत फिरू नये. घराण्याकडे वतन किंवा इनाम असल्याची कथा असेल तर १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने केलेल्या चौकश्यांचे कागद फार मोलाचे ठरतात, कारण हक्क शाबीत करण्यासाठी लोकांनी त्यांत वंशावळी आणि कैफियती दाखल केल्या आहेत. यासाठी पुण्याचे पुराभिलेखागार, म्हणजे जुने पेशवे दप्तर, गाठावे.

मोडी आणि नावांची घडण

यांतले बरेच कागद मोडीत आहेत. राज्य पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग भरवते. ज्याला हे काम मनापासून करायचे आहे त्याने तो वर्ग करावाच. पूर्ण पत्र वाचता येण्याआधीही नावांच्या ओळी ओळखू येऊ लागतात, आणि तेवढ्यावर निम्मे काम होते. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘राघो बिन धोंडू’ असे लिहिलेले दिसले की आडनाव शोधत बसू नये. त्या काळच्या कागदात माणसाची ओळख बापाच्या नावाने, जातीने आणि गावाने होते. आज आपण लावतो ते ‘कर’ शेवटी असलेले आडनाव अनेकदा मुंबईत आल्यावर गावाच्या नावावरून पडले, आणि गावात त्याच घराला वेगळ्याच कुळनावाने ओळखतात. गावच्या गुरवाला किंवा भाऊबंदांतल्या जाणत्याला हे कुळनाव विचारून घ्यावे.

दुसरी अडचण एकाच नावाच्या दोन माणसांची. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे एक नाव एकाआड एका पिढीत फिरत राहते, आणि चुलत घरांतही तेच नाव त्याच वेळी असते. प्रत्येक नोंदीत नावाखेरीज निदान दोन खुणा जुळाव्यात: बापाचे नाव, वाडी, सर्व्हे नंबर, पत्नीचे नाव, वय. नुसत्या नावावर जोडलेली पिढी बहुतेक वेळा चुकीची निघते, आणि तिच्यावर उभारलेले पुढचे सारे कामही वाया जाते.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

नाशिकला रामकुंडावर, त्र्यंबकेश्वरी, पंढरपुरात, काशी-गयेला तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आहेत. मूळ गाव आणि आडनाव सांगितले की कोणत्या घराण्याकडे आपले उपाध्येपण आहे हे तेथे कळते. अस्थी घेऊन गेलेल्याने किंवा यात्रेला गेलेल्याने स्वतः सांगून लिहून घेतलेली ही माहिती असल्यामुळे तिचे मोल मोठे. त्यात बरोबर आलेल्या भावांची, मुलांची आणि बायकांची नावेही असतात. जाताना आपल्याला माहीत असलेली वंशावळ, कुळनाव आणि गावाचे जुने तालुके लिहून न्यावेत, पर्वणीचा किंवा पितृपक्षाचा गर्दीचा काळ टाळावा, दक्षिणा मनापासून द्यावी आणि आपल्या पिढीची नोंद वहीत घालून यावे. दक्षिण महाराष्ट्रातल्या घराण्यांनी गावी येणाऱ्या हेळव्यांनाही विचारावे; पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी सांभाळणे हे त्यांचे परंपरेने चालत आलेले काम आहे.

आता मुंबई

गावची तारीख, बापाचे नाव आणि जात-कुळनाव हाती आल्यावर मुंबईच्या कागदांकडे वळावे. आधी तेव्हाची मुंबई कुठपर्यंत होती ते पाहावे. माहीम आणि शीव यांच्या पलीकडची वांद्रे, अंधेरी, कुर्ला, बोरिवली ही गावे साष्टीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात होती; मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये झाला आणि महापालिकेची हद्द १९५० आणि १९५७ मध्ये वाढली. १८८० साली वांद्र्याला वारलेल्या माणसाची नोंद मुंबई शहरात शोधून उपयोग नाही. शहरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी वर्ष आणि गिरगाव, उमरखाडी, भायखळा, परळ असा विभाग सांगता आला पाहिजे. त्याशिवाय अर्ज केला तर ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा मिळतो, आणि तो शेरा म्हणजे नोंद नसल्याचा पुरावा मानू नये.

काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेले राज्य पुराभिलेखागार १८२१ पासूनचे आहे आणि मुंबई सरकारच्या खात्यांची दप्तरे तेथे आहेत. पूर्वज सरकारी नोकरीत असेल, मग तो कारकून असो की कचेरीतला पट्टेवाला, तर हे ठिकाण त्याच्यासाठी. दप्तर खाते आणि वर्षानुसार लावलेले असते, माणसाच्या नावाने नाही. खाते ठाऊक नसताना तेथे जाणे म्हणजे दिवस फुकट घालवणे. शिकलेल्या पूर्वजासाठी मुंबई विद्यापीठाची वार्षिक कॅलेंडरे, म्हणजे दरवर्षीची माहितीपुस्तके, पाहावीत. विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि पदवीधरांच्या याद्या या कॅलेंडरांत छापल्या आहेत. कोणत्या शाळेत होते हे कळले तर शाळेचे जनरल रजिस्टर मागावे. त्यात जन्मतारीख, जात, पालक आणि आधीची शाळा एकत्र मिळतात.

घर किंवा जमीन मुंबईत होती अशी कुटुंबे थोडी, पण त्यांना चांगली साधने आहेत. १८६५ ते १८७२ मध्ये कर्नल लॉटन यांनी शहराची मोजणी केली, तिच्या नकाशांवर वाडी, गल्ली, विहीर सारे दिसते. १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा मुंबई शहराला लागू होता, म्हणून त्यानंतरच्या मृत्युपत्रांची प्रोबेट (मृत्युपत्र न्यायालयात शाबीत करून घेण्याची) प्रकरणे उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागात शोधता येतात. मृत्युपत्रात मुली, सुना, देणेकरी, देवळाला ठेवलेली रक्कम असे सारे घर बोलते.

पूर्वज पलटणीत होता असे ऐकले असेल तर पदक शोधावे. १८७८-८० च्या अफगाण युद्धाच्या पदकासारख्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग लावून कड वाचावी. १९०३ मध्ये मुंबई लष्कराच्या पायदळ पलटणींना नवे क्रमांक मिळाले, पहिल्या बॉम्बे ग्रेनेडिअर्सची १०१ वी ग्रेनेडिअर्स झाली, हे लक्षात न घेतल्यास एकच पलटण दोन वाटतात. घरातला एखादा भाऊ ‘मिरचीच्या देशात गेला तो परत आला नाही’ अशी कथा कोकणात अनेक घरांत आहे. मिरच देश म्हणजे मॉरिशस. तेथे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे कराराने नेलेल्या मजुरांची, दप्तरे आहेत, प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे, आणि १८६० नंतरच्या काहींची छायाचित्रेही आहेत. मराठी ख्रिस्ती आणि बेने इस्रायल (मराठी ज्यू) कुटुंबांनी चर्चच्या आणि सिनेगॉगच्या वह्यांपासून आरंभ करावा.

वर्तमानपत्रांत सामान्य माणसाचे नाव क्वचित येते, तरी १८६२ पासून निघालेला ‘इंदुप्रकाश’ आणि गिरणी कामगारांचे प्रश्न मांडणारा नारायण मेघाजी लोखंडे यांचा ‘दीनबंधु’ हे चाळताना आपला माणूस कोणत्या शहरात जगत होता ते कळते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटी येथे यासाठी वेळ काढून बसावे.

नोंद ठेवण्याची रीत आणि घरातल्या बायका

प्रत्येक माहितीपुढे ती कोठून आली, कोणत्या तारखेला पाहिली आणि कोणी सांगितली हे त्याच दिवशी लिहावे. मी एक लांब वही केली आहे. डाव्या पानावर घरचे बोलणे जसेच्या तसे, उजव्या पानावर त्याला मिळालेला कागद. डावे पान खोडायचे नाही, उजवे रिकामे राहिले तरी चालेल. प्लेगाची ओळ डाव्या पानावर तशीच ठेवली होती, म्हणून पुढे उजव्या पानावर तिची खरी तारीख बसली.

बायकांचा शोध सर्वांत कठीण, कारण लग्नात नाव बदलले आणि कागदात ‘कोम’ एवढेच उरले. त्यांच्यासाठी कागदाआधी माहेराहून आलेल्या वस्तू पाहाव्यात. आमच्या घंगाळावर उमटलेले नाव खापरपणजोबांचे नव्हते. ते खापरपणजीच्या वडिलांचे होते, आणि त्यापुढे गावाचे नाव. चार पिढ्या त्या घंगाळात पाणी तापले आणि तिचे माहेर कोणाला ठाऊक नव्हते. आता त्या गावचे कोतवाल बुक कोणत्या तहसीलात आहे ते शोधून काढले आहे, आणि पावसाळा सरला की तिकडे जायचे आहे. पावसात अभिलेख कक्षातली जुनी पुस्तके दमट होतात आणि पाने सोडवताना फाटतात.